अलर्कविष व जलत्रास

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांतील सातव्या अध्यायास मूषिककल्प असें नांव आहे. नांवावरून त्यांत केवळ उंदरांच्या विषाचें विवेचन असेल असें वाटतें, आणि पूर्वार्धांत तें आहेहि. परंतु उत्तरार्धांत विषय बदलतो आणि कुत्रा, कोल्हा, तरस, अस्वल, वाघ इत्यादि पिसाळलेल्या श्वापदांच्या दंशाचें प्रकरण सुरू होतें. वाग्भटानेंहि अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत, अडतिसाव्या अध्यायांत, उंदीर व पिसाळलेला कुत्रा यांची हीच जोडी कायम ठेविली आहे. आपल्याकडील अभ्यासक सुश्रुताच्या शस्त्रकर्माविषयीं जितकें बोलतात तितकें या प्रकरणाविषयीं बोलत नाहींत. कुत्रा चावल्यावर काय करावें या प्रश्नास आपल्या ग्रंथांनीं काय उत्तर दिलें, लोकांनीं त्यांतलें काय उचललें व काय गाळलें, आणि गेल्या दीडशें वर्षांत तें उत्तर कसें पालटलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

प्रथम शब्दाविषयीं. पिसाळलेल्या कुत्र्यास संस्कृतांत ‘अलर्क’ म्हणतात. अमरकोशाच्या शूद्रवर्गांत कुत्र्याचे पर्याय सांगून झाल्यावर अमरसिंहानें हा शब्द वेगळा काढून दिला आहे. म्हणजे पिसाळलेला कुत्रा ही निराळें नांव देण्याजोगी वस्तु आहे, ही जाणीव कोशकाराच्या काळीं पक्की झालेली होती. पांढऱ्या रुईलाहि अलर्कच म्हणतात, आणि सुश्रुत या दंशावर रुईचा चीक सांगतो; यावरून रोगाचें नांव औषधावरून पडलें कीं औषधाचें रोगावरून, असा तर्क करण्याचा मोह होतो. तो आवरावा हें बरें. महाभारताच्या शांतिपर्वांत कर्णाची मांडी पोखरणारा जो आठ पायांचा किडा आहे त्याचेंहि नांव अलर्कच. तेव्हां चावणें, पोखरणें, विष अंगांत भिनविणें, अशा कांहीं अर्थाभोंवतीं हा शब्द फिरत असावा, याहून अधिक बोलण्यास आधार नाहीं. मराठींतील ‘पिसाळणें’ हें मात्र सरळ ‘पिसें’ म्हणजे वेड या शब्दाकडे बोट दाखवितें.

सुश्रुताचें वर्णन पाहण्यापुरतेंहि बसून लिहिलेलें नाहीं. तें पाहणाराचें आहे. जनावराची शेपटी, जबडा व खांदे गळतात, तोंडांतून लाळ सारखी वाहते, त्याला दिसेनासें व ऐकूं येईनासें होतें, आणि तें समोर येईल त्यावर धांवतें. त्यानें चावा घेतल्यास ती जागा बधिर होते व तींतून पुष्कळ काळसर रक्त जातें. पुढें मनुष्य त्या जनावरासारखे आवाज व चेष्टा करूं लागला कीं तो वांचत नाहीं. पाण्यांत किंवा आरशांत त्याला चावलेल्या जनावराचें रूप दिसूं लागलें तर तेंहि मृत्यूचें चिन्ह. आणि ज्याला पाणी पाहतांच वा त्याचा स्पर्श होतांच एकाएकीं धसका बसतो त्याला ‘जलत्रास’ झाला असें समजावें, आणि तेंहि अरिष्टच होय. लागलीच सुश्रुत आणखी एक गोष्ट सांगतो, आणि मला ती सर्वांत लक्षणीय वाटते : दंश झालेला नसतांना जलत्रास झाला तरी तो मनुष्य बरा होत नाहीं. लहानसा ओरखडा किंवा फाटलेल्या कातडीवरची लाळ एवढ्यानेंहि हा रोग होतो, आणि रोग्याला वा त्याच्या घरच्यांना चावल्याची आठवणहि नसते, हें आज इस्पितळांतील डॉक्टरांना नेहमींच दिसतें. सुश्रुतास विषाणु ठाऊक नव्हता. परंतु असा रोगी त्यानें किंवा त्याच्या गुरुपरंपरेंत कोणीतरी पाहिला होता, हें उघड आहे.

आतां चिकित्सा. दंशाच्या जागेंतून रक्त काढावें, ती तापलेल्या तुपानें डागावी, वर अगदाचा लेप द्यावा, जुनें तूप पाजावें, रुईच्या चिकासह शोधन द्यावें. पांढरी पुनर्नवा धोत्र्यासह द्यावी. यानंतर मुख्य प्रयोग येतो. शरपुंखेचें म्हणजे आपल्या उन्हाळीचें मूळ व त्याच्या निम्मा धोत्रा तांदुळांसह तांदुळाच्या धुवणांत वाटून, धोत्र्याच्या पानांत गुंडाळून, त्याचा अपूप भाजून खावयास द्यावा. तो पचतांना रोगी कुत्र्यासारखे विकार दाखवील. तेवढा वेळ त्याला थंड व पाणी नसलेल्या घरांत ठेवावें. विकार शमल्यावर दुसऱ्या दिवशीं स्नान घालून साळीच्या किंवा साठीच्या भातावर ऊन दूध द्यावें, आणि तिसऱ्या किंवा पांचव्या दिवशीं अर्ध्या मात्रेनें हाच विधि पुन्हां करावा. हें सर्व कां, याचें कारणहि ग्रंथकारानें दिलें आहे. ज्याचें विष आपोआप कुपित होतें तो जगत नाहीं. म्हणून तें स्वतः कुपित होण्यापूर्वीं वैद्यानें मुद्दाम कुपित करावें. शेवटीं नदीकांठीं किंवा चवाठ्यावर मंत्रोक्त स्नान व अलर्कांच्या अधिपति यक्षास बलि सांगितला आहे.

या कारणांत दोन भाग आहेत व ते वेगळे करून तोलले पाहिजेत. पहिला असा कीं, दंश आणि रोग यांच्यामध्यें एक अवधि असतो. विष त्या अवधींत शरीरांत निजलेलें असतें. वैद्याचें जें काय चालेल तें या अवधींतच चालेल, जलत्रास दिसल्यानंतर नाहीं. हा भाग खरा आहे. विषाणु जखमेपासून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे चढतो; या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित् आठवडा, क्वचित् वर्षाहूनहि अधिक; आणि तो मेंदूंत पोंचून लक्षणें दिसूं लागल्यावर जगांत हाताच्या बोटांवर मोजण्याजोगेच रोगी वांचले आहेत. दुसरा भाग म्हणजे धोत्रा. धोत्र्यानें मनुष्य बरळतो, झोंबतो, त्याच्या तोंडाला कोरड पडते. हीं सारीं धोत्र्याचींच लक्षणें होत, अलर्कविषाचीं नव्हत. त्यानें रोग टळतो यास कांहीं पुरावा नाहीं. मग पिढ्यान् पिढ्या वैद्यांना गुण दिसला तो कसा? याचें उत्तर असें कीं, पिसाळलेला कुत्रा चावलेल्या प्रत्येकास रोग होतोच असें नाहीं. जखम कोठें, किती खोल, मध्यें वस्त्र होतें कीं नाहीं, यांवर तें अवलंबून असतें. शिवाय चावणारें प्रत्येक कुत्रें पिसाळलेलें नसतें. जे मुळांतच वांचणार होते ते औषधाच्या खातीं जमा झाले, आणि जे मेले ते सांगावयास आले नाहींत. गांवोगांवच्या मांत्रिकांच्या यशाचा हिशेबहि असाच आहे. कसौलीच्या व कुन्नूरच्या शोधांचें बीज आमच्या संहितेंत होतें असें म्हणणारे विद्वान् मला भेटतात. अवधीची जाण होती, इतकें म्हणावें. त्यापुढें जाऊं नये.

वैद्यकाकडून धर्मशास्त्राकडे वळलें असतां निराळाच प्रकार दिसतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत कुत्रा, कोल्हा, गाढव इत्यादिकांनीं चावलेल्या मनुष्याची शुद्धि प्राणायामानें सांगितली आहे. वसिष्ठधर्मसूत्रांत समुद्रास मिळणाऱ्या नदीवर जाऊन शंभर प्राणायाम व घृतप्राशन आहे. हीं प्रायश्चित्तें होत, औषधें नव्हत. अशौच घालविण्यापलीकडे त्यांचा दावा नाहीं. तथापि पराशरस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत, कुत्र्यानें हुंगलेल्या, चाटलेल्या किंवा नखांनीं ओरबाडलेल्या मनुष्याचा विचार करून, ती जागा पाण्यानें धुवावी व अग्नीचा संस्कार करावा असें सांगितलें आहे. चावण्याच्या जोडीस चाटणें व ओरबाडणें हीं धरलीं आहेत, आणि पहिला उपाय पाणी हा आहे. स्मृतिकाराच्या मनांत विटाळ होता, रोग नव्हे. तरी आजच्या कोणत्याहि आरोग्यकेंद्राच्या भिंतीवरील तक्त्यांत याच दोन गोष्टी आढळतात.

आणि नेमकी हीच गोष्ट लोकांच्या आठवणींतून निसटली. डागणें राहिलें, धोत्रा व रुई राहिली, गंडे व उतारे राहिले, पाणी गेलें. जलत्रास हें रोगाचें नांव, आणि पाणी नसलेल्या घरांत ठेवावें हा विधि. या दोहोंच्या अर्धवट आठवणीमुळें ‘या जखमेला पाणी लावूं नये’ असा समज झाला असावा, असें माझें अनुमान आहे. तो समज मीं स्वतः ऐकला आहे, आणि तो कोठें ऐकला हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

१९८६ सालीं मी एका तालुक्याच्या गांवीं संस्कृत शिकवीत होतों. नववींतील एका मुलाच्या पोटरीस गल्लींतल्या कुत्र्याच्या पिलानें दांत लावले. जखम एवढीशी, दोन टिपके. घरच्या आजीबाईंनीं तींत तिखट व चुना भरून चिंधी बांधली आणि पांच दिवस पायास पाणी लावूं नको, विष चढेल, असें बजावलें. संध्याकाळीं मी समाचारास गेलों. सुश्रुताचा हा अध्याय मला तेव्हां पाठ होता, व त्याचा मला अभिमानहि होता. मीं श्लोक म्हणून दाखविले, अर्थ सांगितला. इस्पितळांत न्यावें काय असें मुलाच्या वडिलांनीं विचारलें, तेव्हां पिलूं खेळकर दिसतें, दहा दिवस त्याजवर नजर ठेवूं, मग पाहूं, असें मींच म्हणालों. पोटांत चौदा सुया टोंचतात या धास्तीमुळें त्यांनाहि तें रुचलें. चौथ्या दिवसापासून पिलूं दिसेनासें झालें. तें मेलें कीं कोणीं नेलें, याचा शोध कोणीं केला नाहीं; मींहि नाहीं. सात आठवड्यांनीं तो मुलगा वर्गांत डोकें धरून बसला. पोटरींत मुंग्या येतात म्हणाला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्या घरून बोलावणें आलें. आईनें पाण्याचें भांडें पुढें केलें मात्र, आणि त्याचा गळा आंवळला व डोळे फिरले. त्या खोलींत काय चाललें आहे हें ओळखणारा मी एकटाच होतों, आणि ओळखण्यावांचून मला दुसरें कांहींहि येत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं रात्रीं तो गेला. श्लोक मला पाठ होते. त्यांतला अवधीचा हिशेब मात्र मीं तेव्हां त्या घरीं सांगितला नव्हता. दहा दिवस जनावर पाहावयाचें तें उपचार पुढें ढकलण्यासाठीं नव्हे. उपचार सुरू करून, जनावर जिवंत व निरोगी राहिल्यास ते थांबविण्यासाठीं, हें मला मागाहून कळलें.

कुत्र्यांचा बंदोबस्त हा या इतिहासाचा दुसरा धागा. मुंबईंत पोलिसांनीं मोकाट कुत्रीं मारण्याची मोहीम उघडली व दर कुत्र्यामागें आठ आणे इनाम ठेविलें, तेव्हां जून १८३२ मध्यें पारशी लोक खवळून उठले. त्यांच्या धर्मांत अंत्यविधीच्या वेळीं मृतावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा संस्कार आहे. इतर समाजांतील लोकहि त्यांस मिळाले, दुकानें बंद पडलीं, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी सामग्री अडविली गेली, आणि शेवटीं लष्कर आणावें लागलें. इनामाच्या लोभानें माणसाळलेलीं कुत्रींहि मारलीं गेलीं, अशी तक्रार होती. मारण्यानें प्रश्न सुटला नाहीं, हें पुढील दोनशें वर्षांनीं दाखविलें आहे. उलट गोव्यांत २०१३ पासून कुत्र्यांना घरोघर व रस्तोरस्तीं लस टोंचण्याचें काम नेटानें चाललें, आणि २०२१ सालीं तें राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालें.

युरोपांतहि तापलेल्या लोखंडाखेरीज कांहीं इलाज नव्हता. लुई पाश्चर लहान असतां आर्ब्वा गांवीं लांडगा चावलेल्या माणसांना लोहाराच्या दुकानांत डागतांना त्यानें पाहिलें होतें. ससाच्या मज्जारज्जूंत रोग वाढवून, तो रज्जु कोरड्या हवेंत वाळविला असतां त्याची मारकता दिवसेंदिवस कमी होते, हें त्यानें शोधलें. ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास त्यानें सुमारें दोन आठवडे वाळविलेल्या, म्हणजे अत्यंत निर्बळ, रज्जूपासून आरंभ करून क्रमाक्रमानें अधिक ताज्या रज्जूचीं तेरा टोंचणीं देवविलीं. मुलगा जगला. विष मेंदूंत पोंचण्यापूर्वींच शरीरास त्याची ओळख करून द्यावयाची, यासाठीं पाश्चरनें जो अवधि वापरला तो सुश्रुताला माहीत असलेलाच होता. त्यांत काय करावयाचें हें मात्र प्रयोगशाळेवांचून कळण्यासारखें नव्हतें.

हिंदुस्थानांत पहिली पाश्चर संस्था कसौली येथें १९०० सालीं निघाली. १९०७ मध्यें कुन्नूरची निघाली. आरंभीं चावलेल्या मनुष्यास आगगाडीनें इतक्या दूर जावें लागे, आणि ज्याला जाणें परवडत नसे तो मांत्रिकाकडे जाई. ही अडचण डेव्हिड सेंपलनें दूर केली. मेंढीच्या मेंदूंत वाढविलेला विषाणु कार्बोलिक अॅसिडनें निर्जीव करून त्यानें १९११ सालीं जी लस प्रसिद्ध केली ती कुपींत भरून गांवोगांव पाठवितां येई. पोटांतल्या चौदा सुया त्या याच लशीच्या. तिनें असंख्य लोक वांचले. परंतु तिच्यांत मेंदूचा अंश असल्यामुळें थोड्या रोग्यांना पक्षाघातासारखे विकार होत, आणि सुयांच्या भीतीनें किती जण घरीं राहिले याची गणती नाहीं. भारतांत ही लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. ती चौदा सुयांची भीति मात्र वीस वर्षांनंतर अजून घरोघर जिवंत आहे.

लस अंगांत मुरून प्रतिकारशक्ति उत्पन्न होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. जखम तोंडावर किंवा हातावर असली तर विषाणु तेवढी सवड देत नाहीं. या उणीवेचा उलगडा १९५४ मध्यें इराणांत झाला. एका गांवांत एका लांडग्यानें एका रात्रींत २९ माणसांना फाडलें. डोक्यास जखमा झालेल्यांपैकीं ज्यांना केवळ लस मिळाली त्यांतले निम्म्याहून अधिक मेले. ज्यांना लशीबरोबर तयार प्रतिद्रव्याचें सीरमहि दिलें ते बहुतेक सर्व जगले. आज रेबीज इम्युनोग्लोब्युलिन म्हणून जें जखमेंतच टोंचतात तें हेंच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें २०१७ सालीं प्रयोगशाळेंत बनविलेलें प्रतिद्रव्यहि बाजारांत आणलें.

तेव्हां आजचें उत्तर असें आहे. चावतांच, ओरबाडतांच किंवा फाटलेल्या कातडीवर चाटतांच ती जागा साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें, घड्याळ लावून, धुवावी. विषाणूभोंवतीं मेदाचें कवच असतें व साबण तें विरघळवितो. म्हणून केवळ पाण्याहून साबण श्रेष्ठ. मग आयोडीन लावावें. तिखट, चुना, हळद, तेल, तंबाकू कांहींहि भरूं नये, डागूं नये, घट्ट बांधूं नये, डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून टांके घालूं नयेत. त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. रक्त आलें असेल, किंवा लाळ जखमेस वा डोळ्यांतोंडांस लागली असेल, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन मागून घ्यावें; तें पहिल्या मात्रेपासून सात दिवसांच्या आंतच उपयोगी. लस दंडांत घ्यावयाची, पोटांत नव्हे : पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून तिसरा, सातवा, चौदावा व अठ्ठाविसावा, कातडींत टोंचण्याच्या पद्धतींत चौदावा गळतो. पूर्वीं संपूर्ण लस घेतलेल्यास दोनच मात्रा पुरतात. कुत्रा पाळलेला असला, पिलूं असलें, त्याला लस दिलेली असली, तरी डॉक्टरांना विचारल्यावांचून थांबूं नये. आणि उशीर झाला असेल, आठवडे गेले असतील, तरी जावें. लक्षणें दिसेपर्यंत अवधि संपलेला नसतो. ही लस सरकारी इस्पितळांत विनामूल्य मिळते. २००३ च्या पाहणीनें देशांत दरसाल सुमारें २०,००० मृत्यु अंदाजले होते. २०२२-२३ च्या पाहणीनें सुमारें ५,७००. दोहोंतला कोणताहि आंकडा धरला तरी त्यांतील बहुतेक माणसें या अवधींत हिंडतीं-फिरतीं होतीं.

एक विनंति. जुन्या घराण्यांच्या दप्तरांत मोडी वा बाळबोध लिपींतलीं वैद्यकीचीं बाडें असतात, व त्यांत कुत्रा चावल्यावरील उपाय टिपलेले आढळण्याचा संभव असतो. अशीं पानें कोणाजवळ असल्यास त्यांनीं त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी. त्यांतील धोत्र्याचा प्रयोग कोणीं करून पाहूं नये. तें विष आहे. मला पाहावयाचें आहे तें इतकेंच कीं, जखम धुण्याविषयीं त्यांत कांहीं लिहिलें आहे काय, आणि असल्यास पाणी कोणत्या काळच्या बाडांतून नाहींसें झालें.